‘आम्ही काय कमी मार खाल्लाय?’

लग्नाची पंगत असो नाहीतर सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मुलांना मारण्याचा विषय निघाला की एक काका हमखास घसा खाकरतात. “आमच्या अण्णांनी पट्ट्याने सोलून काढलंय आम्हाला. झालो का आम्ही गुन्हेगार?” सगळे हसतात. कोणीतरी आपल्या मास्तरांच्या छडीची आठवण सांगतं, आणि विषय जिलेबीकडे वळतो.

काकांचं म्हणणं सपशेल चुकीचं नाही, पंचाईत तीच आहे. लहानपणी मार खाल्लेली, घरात आबाळ झालेली बहुतेक मुलं पुढे गुन्हेगार होत नाहीत. पण गुन्ह्याच्या आरोपावरून पकडलेल्या मुलांना जिथे ठेवतात, त्या निरीक्षणगृहात काम करणाऱ्या कोणालाही विचारा. ते सांगतील, इथे येणाऱ्या पोरांपैकी ज्याच्याशी बोलावं त्याच्या घरची कहाणी मारहाणीचीच निघते. मग खरं कोणाचं? दोघांचंही. निरीक्षणगृहातला माणूस निकालापासून मागे बघतोय आणि काका सुरुवातीपासून पुढे बघतायत. इस्पितळातल्या जवळजवळ प्रत्येक फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाने विड्या ओढलेल्या असू शकतात, म्हणून विडी ओढणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतोच असं नाही. शिवाय काकांच्या युक्तिवादात आणखी एक गंमत आहे: ज्यांचं बिघडलं ते या पंगतीला आलेलेच नाहीत.

हा गुंता नीट सोडवायचा तर मुलांना आधी शोधायला हवं आणि मग वाट बघायला हवी. अमेरिकेत कॅथी स्पॅट्झ विडम यांनी तेच केलं. मध्य-पश्चिमेतल्या एका शहरी भागात १९६७ ते १९७१ या काळात ज्यांच्यावरचा अत्याचार किंवा ज्यांची हेळसांड न्यायालयात सिद्ध झाली होती, अशी अकरा वर्षांपर्यंतची ९०८ मुलं त्यांनी जुन्या कागदपत्रांतून निवडली. त्यांच्यासमोर तुलनेसाठी तेवढ्याच वयाची, त्याच वंशाची, साधारण तशाच आर्थिक स्थितीतली, पण अशी नोंद नसलेली ६६७ मुलं ठेवली. मग दोन्ही गटांपैकी किती जणांना पुढे अटक झाली ते पोलिसांच्या नोंदींत पाहिलं. हा अभ्यास १९८९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला आणि या विषयावरची चर्चा आजही तिथूनच सुरू होते.

आकडे असे: अत्याचार किंवा आबाळ सोसलेल्या १०० मुलांपैकी २६ जणांना अठरा वर्षांच्या आत अटक झाली होती, तुलनेच्या गटात १७ जणांना. फरक आहे आणि तो किरकोळ नाही. हजारो मुलांना लावून बघितला की तो फार मोठा दिसतो. पण उरलेल्या ७४ मुलांचं काय? त्यांना त्या वयात अटक झालीच नाही. ‘मार खाणारा मारणारा होतो’ हे वाक्य भाषणात टाळ्या घेतं, पण या ७४ मुलांवर ते अन्याय करतं. मोठा झालेला कोणी लग्नाच्या वेळी, नोकरीच्या वेळी आपलं बालपण सांगायला कचरत असेल, तर त्यात या वाक्याचाही हात आहे.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पुढे हिंसक गुन्ह्यात अटक झालेल्यांचं प्रमाण शारीरिक मारहाण झालेल्या मुलांत १५.८ टक्के होतं. ज्यांना कोणी हात लावला नव्हता, पण ज्यांची फक्त आबाळ झाली होती, त्यांच्यात ते १२.५ टक्के होतं. तुलनेच्या गटात ७.९. म्हणजे वळ उठवणारा पट्टा आणि कोणीच लक्ष न देणारं घर यांच्यातलं अंतर आपण समजतो तेवढं नाही. आबाळ हा आपल्याकडचा जुना शब्द आहे, आणि पोरक्या पोराबद्दल बोलताना आजी तो हळहळत वापरायची. मूल दोन दिवस पारोसं आहे, शाळेत गेलं की नाही हे कोणाला ठाऊक नाही, ताप आला तर औषध नाही. अमेरिकेत सरकारदरबारी सिद्ध होणाऱ्या प्रकरणांपैकी सुमारे तीन चतुर्थांश या आबाळीचीच असतात. वर्तमानपत्रात मात्र पट्टाच येतो.

घरात घडलेलं मुलाच्या वागण्यात कसं उतरतं, याचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण केनेथ डॉज आणि सहकाऱ्यांनी १९९० साली दिलं. त्यांनी बालवाडीच्या वयाची ३०९ मुलं घेतली, घरी कोणाला जबर मार बसतो ते विचारलं, आणि मुलांना छोटे छोटे प्रसंग दाखवून ‘इथे काय झालं असेल?’ असं विचारलं. आपल्याकडचा प्रसंग घेऊन बघू. मधल्या सुट्टीत पोरगा डबा खातोय. मागून कोणाचा तरी धक्का लागतो आणि बटाट्याची भाजी शर्टावर सांडते. एक मूल वळून बघतं, धक्का देणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘अरे बापरे’ दिसतं, आणि दोघं मिळून भाजी झटकतात. दुसरं मूल तो चेहरा बघायला थांबतच नाही. त्याच्या लेखी धक्का म्हणजे हल्ला, कारण घरात धक्का बसला की पुढे काय येतं हे त्याला चांगलं माहीत आहे. तो उठतो आणि ठोसा लगावतो. मार खाल्लेली मुलं समोरच्याचे इशारे कमी टिपतात, त्याचा हेतू वाईटच धरतात, आणि उत्तर म्हणून त्यांना आक्रमणच सुचतं, असं डॉज यांना आढळलं. घरात जी सावधगिरी त्याला वाचवते, तीच शाळेत त्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत पोचवते.

हे वयाबरोबर दगडावरची रेघ होतं का? न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात टेरेन्स थॉर्नबेरी आणि कॅरोलिन स्मिथ यांनी १९८८ पासून सातवी-आठवीतल्या १००० मुलांचा पाठपुरावा केला. तिथेही अत्याचाराची नोंद असलेल्या मुलांपैकी ४५ टक्के मुलांची नावं पोलिसांकडे गेली होती, बाकीच्यांपैकी सुमारे ३२ टक्के. पण पुढच्या विश्लेषणात असं दिसलं की ज्यांचे हाल लहानपणीच थांबले होते, त्यांच्या बाबतीत हा धागा बराच विरलेला होता. ज्यांचे हाल किशोरवयात झाले किंवा तोवर चालूच राहिले, त्यांच्यात तो घट्ट होता. ‘आता काय, पोरगा चौदाचा झाला, व्हायचं ते होऊन गेलं’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे दाखवायला हवं.

आता वंशाचा प्रश्न. अमेरिकेत तो टाळून पुढे जाता येत नाही. विडम यांनी २००१ साली त्याच मुलांचा पुढचा हिशेब मांडला, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट समोर आली. अत्याचार सोसलेल्या कृष्णवर्णीय मुलांना पुढे हिंसक गुन्ह्यांत अटक होण्याचं प्रमाण इतर कृष्णवर्णीय मुलांपेक्षा वाढलेलं होतं. गोऱ्या मुलांमध्ये मात्र अत्याचार सोसलेले आणि न सोसलेले यांच्यात तसा फरक दिसला नाही. उतावळा वाचक इथे लगेच निष्कर्ष काढून मोकळा होतो. विडम यांनी तसं केलं नाही. गरिबी, अत्याचाराचं स्वरूप, समुपदेशन मिळालं की नाही, आणि यंत्रणेने कोणाला कसं वागवलं, या शक्यता त्यांनी पुढे ठेवल्या. कारण त्यांच्या हातात अटकेचे आकडे होते, आणि गुन्हा करणं आणि अटक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसंच मुलाचे हाल होणं आणि त्या हालांची सरकारी नोंद होणं याही वेगळ्या. दोन्ही ठिकाणी मध्ये एक माणूस बसलेला असतो, आणि तो बघतो, ठरवतो, लिहितो.

हा माणूस कसा बघतो? १९९९ साली कॅरोल जेनी या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक अभ्यास छापला. तान्ह्या बाळाला जोरात हलवलं किंवा आपटलं की मेंदूला इजा होते. वरून फारसं दिसत नाही. बाळ उलट्या करतं, किरकिर करतं, मलूल पडतं. अशा १७३ बाळांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांतल्या ५४ बाळांना आधी कोणीतरी डॉक्टर बघून गेला होता, आणि पोट बिघडलंय किंवा असंच काहीतरी साधं आहे समजून घरी पाठवलं होतं. आई-वडील दोघं एकत्र राहणारी गोरी कुटुंबं असतील, तर हे चुकण्याचं प्रमाण अधिक. गोऱ्या बाळांमध्ये ३७ टक्के प्रकरणं पहिल्यांदा निसटली, अल्पसंख्याक बाळांमध्ये १९ टक्के. डॉक्टर दुष्ट नव्हते. ‘अशा घरात असं होत नाही’ हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की तपासणीचा विचारच आला नाही. आणि ती बाळं पुन्हा त्याच घरात गेली. पूर्वग्रहाचा फटका कृष्णवर्णीय कुटुंबांनाच बसतो असं आपण धरून चालतो. इथे तो गोऱ्या बाळांना बसला.

आता हेच चित्र सबंध देशावर पसरून बघा. २०१७ सालच्या एका अंदाजानुसार अमेरिकेतल्या ३७ टक्के मुलांच्या घरी अठराव्या वर्षापर्यंत कधी ना कधी बालसंरक्षण खात्याची चौकशी येते. कृष्णवर्णीय मुलांमध्ये हा आकडा ५३ टक्के आहे, गोऱ्यांमध्ये २८, आशियाई वंशाच्यांमध्ये १० च्या आसपास. निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय मुलांच्या दारात सरकारी माणूस! मग अत्याचार खरंच जास्त आहे की नजर जास्त आहे? यावर तिथल्या अभ्यासकांत अजून जोरदार वाद आहे. एक बाजू म्हणते, यंत्रणाच पक्षपाती आहे. दुसरी म्हणते, गरिबीचा हिशेब वजा केला की फरक बराचसा आटतो. कृष्णवर्णीय मुलं जास्त गरिबीत वाढतात म्हणून त्यांच्या वाट्याला हाल खरोखर जास्त येतात, आणि नोंद कमी केली तर तोटा त्यांचाच. मला दुसऱ्या बाजूत बरंच तथ्य वाटतं. पण ती गरिबी आकाशातून पडलेली नाही, हेही त्याच श्वासात म्हणायला हवं.

पोलिसांच्या बाजूला चित्र जास्त स्पष्ट आहे. अंमली पदार्थांबद्दल मुलांनाच नाव न घेता विचारणारी सर्वेक्षणं अमेरिकेत वर्षानुवर्षं होतात. त्यांत गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं आसपासच असतात, कधी गोरी पुढेही असतात. कोठडीत मात्र कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण गोऱ्यांच्या चौपटीहून जास्त आहे. एकाच वयाची दोन मुलं शाळेत मारामारी करतात. एका शाळेत शिक्षक पालकांना फोन करतात, दुसऱ्या शाळेत पोलीस नेमलेलाच असतो. एक प्रकरण डायरीतल्या निरोपावर संपतं, दुसरं अटकेचा आकडा बनून संशोधकाच्या तक्त्यात जातं.

म्हणूनच रॉचेस्टरचा अभ्यास मोलाचा आहे. त्यात बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय होती, काही लॅटिनो, काही गोरी. पोलिसांच्या नोंदींबरोबर मुलांना स्वतःलाही ‘तू काय काय केलंस?’ असं विचारलेलं होतं. वंश, लिंग आणि आर्थिक स्तर यांचा हिशेब घेऊनही हाल आणि गंभीर गुन्हेगारी यांच्यातला संबंध टिकला.

आता काकांकडे परत येऊ, कारण त्यांच्याकडे आणखी एक पत्ता असतो. “आपल्या संस्कृतीत मारणं म्हणजे प्रेमच. तुमचे गोऱ्यांचे अभ्यास आम्हाला कशाला लावता?” हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही, संशोधकांनीही तो गंभीरपणे घेतला. १९९६ साली कर्बी डिएटर-डेकार्ड आणि डॉज यांच्या चमूला आढळलं की शिस्तीसाठी हात उगारण्याचा आणि मुलाच्या आक्रमकतेचा संबंध गोऱ्या कुटुंबांत दिसतो, कृष्णवर्णीय कुटुंबांत दिसत नाही. त्यांचा अंदाज असा की जिथे शेजारपाजारच्या सगळ्याच घरांत धपाटे बसतात, तिथे मूल त्याचा अर्थ ‘मी नकोसा आहे’ असा लावत नाही. मात्र हे धपाट्यांपुरतं. अंग फुटेपर्यंतचा मार कोणत्याही वंशाच्या मुलाला सोडत नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलं.

मग २००५ साली जेनिफर लॅन्सफोर्ड आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या ३३६ आई-मुलांच्या जोड्या घेतल्या: चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपाइन्स, थायलंड. भारत होता बरं का, काका. जिथे मारणं सर्रास समजलं जातं तिथे त्याचा परिणाम सौम्य दिसला. सौम्य, शून्य नाही. सर्रास समजणाऱ्या समाजातही जास्त मार खाणारी मुलं जास्त आक्रमक आणि जास्त भेदरलेली होती. पुढे २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांमध्ये धपाट्यांच्या दुष्परिणामांत फरकच सापडला नाही. १९९६ सालचा निष्कर्ष त्यामुळे बराच लंगडा पडला आहे.

जन्मावरून संशय घेण्याची गोष्ट मराठी माणसाला परकी नाही. १८७१ सालच्या कायद्याने इंग्रजांनी काही जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १८९७ च्या दुरुस्तीने त्यांच्या चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आई-बापांपासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतींत ठेवायची मुभा सरकारला दिली. म्हणजे गुन्हा रोखण्याच्या नावाखाली सरकारनेच मुलांचे हाल कायदेशीर केले. सोलापुरातल्या वस्तीचं ‘सेटलमेंट’ हे नाव त्याच काळाची खूण आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. संशय गेला नाही. घरफोडी झाली की गाडी अजून आधी पारध्यांच्या पालावर जाते, आणि बापाला नेताना पोर ते दारातून बघत असतं. अशा पोराच्या नावापुढे एक साधी चोरी लिहिली गेली तर ती किती त्याची आणि किती त्या नजरेची? ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद रद्द ठरवला. त्या कायद्यातून सुटलेल्या, म्हणजे विमुक्त जमातींवर सराईतपणाचा शिक्का मारणारे उल्लेखही त्या निकालात आले. कायदा जाऊन बहात्तर वर्षं झाली होती.

आपल्याकडे केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. दर तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्लेला होता. कायद्याच्या भाषेत आता ‘बालगुन्हेगार’ म्हणत नाहीत, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. शब्द उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण त्यात एक शहाणपण आहे: संघर्ष संपू शकतो, ‘गुन्हेगार’ चिकटून राहतो.

मग करायचं काय? मूल त्या घरातून उचलायचं? यावरचा पुरावा आपल्याला नीट झोपू देत नाही. इलिनॉय राज्यात चौकशीची फाईल कोणत्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जाणार हे पाळीवर ठरायचं. काही अधिकारी मूल पटकन उचलणारे, काही थांबून बघणारे. म्हणजे काठावरच्या मुलांच्या बाबतीत ही जवळजवळ सोडतच. जोसेफ डॉयल या अर्थशास्त्रज्ञाने तिचा फायदा घेतला आणि २००७ साली दाखवलं की अशा काठावरच्या मुलांत घरीच राहिलेल्यांचं पुढे बरं चाललं. परक्या घरी ठेवलेल्यांमध्ये गुन्हेगारी जास्त होती. झालं, मूल उचलू नका! पण त्याच पद्धतीने मिशिगन राज्यात बघितलं तर उलटंच निघालं: परक्या घरी राहून आलेल्या मुलांना मोठेपणी कमी अटक झाली. तिथे बहुतेक मुलं काही काळाने आपल्याच घरी परतली होती आणि मधल्या वेळात पालक सावरले होते. सुधारलेला पालक हा कदाचित यातला खरा दुवा.

पैशाचाही भाग आहे. अमेरिकेतल्या एका विश्लेषणात किमान वेतन ताशी एक डॉलरने वाढलं की आबाळीच्या तक्रारी ९.६ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. कोणी कोणाला संस्कार शिकवले नव्हते. दोन पाळ्या करणारी आई एक पाळी सोडून घरी आली असेल, एवढंच.

आणि एक परिचारिका. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या छोट्या शहरात डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी पहिलटकरणींकडे परिचारिका पाठवायला सुरुवात केली. तरुण, गरीब, बऱ्याच अविवाहित. बहुतेक गोऱ्या. गरोदरपणात सरासरी ९ भेटी, बाळ दोन वर्षांचं होईतो आणखी २३. बाई यायची, बाळाचं वजन घ्यायची, ते रडतं तेव्हा आईला काय होतं ते विचारायची. पंधरा वर्षांनी बघितलं तर या घरांत मुलांवरच्या अत्याचाराच्या नोंदी निम्म्याच्या आसपास होत्या आणि मुलांना अटकही कमी झालेली. मग हाच प्रयोग बहुतांशी कृष्णवर्णीय आयांसाठी मेम्फिसमध्ये आणि पुष्कळ लॅटिनो आया असलेल्या डेन्व्हरमध्ये झाला. मेम्फिसमध्ये पहिल्या दोन वर्षांत इजा होऊन इस्पितळात न्यावं लागणारी मुलं घटली.

एल्मायराची ती बाळं एकोणीस वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा गाठलं. मुलींमध्ये फरक टिकून होता: भेटी न मिळालेल्यांपैकी ३० टक्क्यांना अटक झालेली, भेटी मिळालेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांना. मुलग्यांमध्ये मात्र तो जवळजवळ पुसला गेला होता.